जपानी खोक्याची फ्रेम

"आणि बाबा, आज ते मले-तुले नको. आई, तूपण. भेटल्याबरोबर जय भीम करू नका. नमस्कार म्हणा. साधा नमस्कार."

सुगत ब्रेडला लोणी लावता लावता, आमच्याकडे न बघता बोलत होता. ज्याला मी बोलायला शिकवलं, तो मला तोंड कसं उघडायचं ते शिकवत होता. सून मान खाली घालून अंडं सोलत होती. तिचं नाव धम्मदीपा, बापानं हौसेनं ठेवलेलं. जर्मनीत आल्यावर त्यातला धम्म गळला आणि ती नुसती दीपा राहिली. दारावर दीपा, फोनवर दीपा.

"नमस्कार त नमस्कार," सुगतचे बाबा म्हणाले. "आपलं काय जाते?"

हा माणूस जन्मभर असाच. नागपूरला कार्पोरेशनच्या सुतारखात्यात अडतीस वर्षं शाळांची बाकं दुरुस्त केली आणि एकदाही साहेबाला उलटून बोलले नाहीत. पोरं बाकांवर नावं कोरायची, हे रंधा मारून ती काढायचे. सांगण्यासारखी गोष्ट आयुष्यात एकच घडली. वस्तीच्या विहाराला जपानहून बुद्धाची मूर्ती आली, तेव्हा तिचा लाकडी खोका उघडायला यांना बोलावलं. सगळ्या वस्तीनं मूर्ती पाहिली. यांनी खोका पाहिला. त्याच्या फळ्या डोक्यावर घेऊन घरी आले आणि खाटेखाली रचून ठेवल्या. वीस वर्षं मी त्या फळ्यांभोवती झाडू मारला. त्यांना धुपासारखा वास यायचा, तो काही केल्या गेला नाही.

जर्मनीचं तिकीट हातात पडलं, तेव्हा यांनी त्यातली एक फळी ओढून काढली. तिची वहीएवढी फ्रेम केली, तिच्यात बाबासाहेबांचा फोटो बसवला आणि म्हणाले, "हे लाकूड आता जपानी देवळात परत जाईल. बाबासाहेबाले घेऊन." आमच्याकडे प्रत्येक विहारात बुद्धाशेजारी बाबासाहेब असतात, आणि आसपासच्या अर्ध्या विहारांतल्या फ्रेमी यांच्याच हातच्या. बुद्ध आहे आणि बाजूला बाबासाहेब नाहीत, असं देऊळ यांच्या डोक्यात मावतच नव्हतं. आख्ख्या वस्तीला सांगून निघाले होते.

खरं जपान दाखवायला सुगतला रजा नव्हती. पण तो राहतो त्या ड्युसेलडॉर्फमध्ये जपानी कंपन्या खूप, म्हणून जपानी माणसं खूप. त्यांची बाग आहे, बाजार आहे, राइन नदीच्या पलीकडे देऊळसुद्धा आहे. "एका दिवसात आख्खं जपान होईल, बाबा," तो म्हणाला. दाखवायला सुगतच्या ओळखीचं पुण्याचं जोडपं, नरेंद्र आणि कुमुदिनी, येणार होतं. त्यांना ड्युसेलडॉर्फमध्ये तीस वर्षं झालेली. स्वतःचं घर, घरामागे बाग, आणि तळमजल्यावरची वोनुंग सप्टेंबरात रिकामी होणार. भाड्याच्या घराला इथे वोनुंग म्हणतात आणि ती मिळणं म्हणजे नवस बोलण्याचं काम. सुगत दीड वर्ष हिंडत होता. एकेका घरासाठी जिन्यावर चाळीस माणसांची रांग. कुमुदिनीनं त्याला सांगितलं होतं, "आम्हाला खाली आपलीच माणसं हवीत."

सुगतनं तिला खोटं काही सांगितलं नव्हतं. खरंही सांगितलं नव्हतं. आमचं आडनाव असं, की ते कुठेही खपून जातं.

सुगतचे बाबा दाढीला गेले, तसा तो माझ्याजवळ आला. "आई, ती फ्रेम..." एवढंच म्हणाला. पुढचं बोलायची छाती नाही. बापावर गेलाय. अर्धं काम बोलायचं आणि उरलेलं आईच्या दारात टाकायचं.

मी यांच्या पिशवीतून गाठोडं काढलं. निळ्या रुमालाची गाठ सोडली, फ्रेम माझ्या बॅगेत साड्यांखाली सरकवली. पण पिशवी हलकी लागली, तर म्हाताऱ्याला कळणार. ओट्यावर नातीचं, मैत्रीचं, ब्रेटशेन पडलं होतं. इथली माणसं रात्री ताट घेत नाहीत. एवढीशी लाकडी फळी घेतात आणि तिच्यावर ब्रेड ठेवून खातात, तिला ब्रेटशेन म्हणतात. माझ्या सात वर्षांच्या नातीच्या फळीवर तिचं नाव डागून काढलेलं, शेजारी एक उंदीर. लांबी-रुंदी फ्रेमीइतकीच. मी ती फळी रुमालात बांधली आणि वर तशीच गाठ मारली. देवळात पिशवी उघडूच द्यायची नाही, काहीतरी सांगून भुलवायचं आणि घरी आलं की परत अदलाबदल करायची, असा माझा बेत. यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. कळायचं कारण नव्हतं.

मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. पोराला घर हवं होतं. फोटो काय, आमच्याकडे घरोघरी आहे.

कुमुदिनी साठीची, कापलेल्या केसांची, गळ्यात रेशमी स्कार्फ. गाडीतूनच ओरडली, "या, या! आल्झो, तर मग, आधी नॉर्डपार्कमधली बाग, मग बाजार, मग देऊळ. नामदेवराव, तुम्ही पुढे बसा. घ्या, चकली घ्या, माझ्या हातची आहे." म्हाताऱ्याच्या हातात तिनं दोन चकल्या ठेवल्या. मीही रव्याच्या लाडवांचा डबा दिला. तिनं तो मांडीवर घेतला, वरून थोपटला आणि म्हणाली, "हे मी घरी गेल्यावर निवांत खाणार."

मग तिचे प्रश्न सुरू झाले. पुण्याची बाई प्रश्न विचारते तेव्हा वाटतं चौकशी करतेय. करत असते ती मोजमाप.

"नागपूरला कुठे तुम्ही? धरमपेठेत?"

"नाही. उत्तरेला."

"अच्छा, उत्तरेला." नागपूरच्या उत्तरेला सगळी आमचीच वस्ती, ते हिला ठाऊक नसू दे, असं मी मनात म्हटलं. "आणि तुमचं कुलदैवत कुठलं हो?"

सुगतची मान आखडली. मी म्हटलं, "आता कोण बघतं ते! नव्या पिढीला गुगलच कुलदैवत."

नरेंद्र खो खो हसला. "गेनाऊ! बरोबर बोललात." तो माणूस बरा होता. बायको जे म्हणेल त्यावर गेनाऊ म्हणण्यात त्याचा जन्म गेला होता. मला तसेच आवडतात.

सुगतचे बाबा काही बोलत नव्हते. तोंडातून मले-तुले निघेल, म्हणून तोंडच बंद. मांडीवर पिशवी, पिशवीवर दोन्ही हात.

बागेत लाल-पांढरे मासे होते, मांजराएवढे. पाइनच्या फांद्या सुतळीनं बांधून हव्या त्या दिशेला वळवलेल्या. इथली झाडंसुद्धा कोणीतरी सांगेल तशीच वाढत होती. "किती शांत वाटतं ना इथे?" कुमुदिनी म्हणाली.

"माणसं कमी असली की कुठेही शांत वाटतं," मी म्हटलं.

एक म्हातारा जपानी शिडीवर चढून कात्रीनं पाइनचं एकेक पान काढत होता. आमचा म्हातारा त्याच्या खाली जाऊन उभा राहिला आणि दहा मिनिटं हललाच नाही. त्याची कात्री पाहत होता. शेवटी जपान्यानं ती खाली धरली, यांनी अंगठ्यानं धार पाहिली, मान हलवली, परत दिली. दोघांत एक शब्द नाही. दिवसभरात यांचं कोणाशी नीट बोलणं झालं असेल, तर ते एवढंच.

बाजारात एका खानावळीच्या काचेत वाट्या मांडलेल्या. शेवया, अंडी, कांद्याची पात. हात घालावा असं वाटणारं. नरेंद्र म्हणाला, "हे सगळं प्लास्टिकचं आहे बरं का. नुसतं दाखवायला."

"बाप्पा!" हे एकदम बोलून गेले. "दाखवाले खोटं अन् खायाले खरं. बरं हाय. लोक उलटं करते."

सुगत खोकला. कुमुदिनीनं भुवई वर केली. मला झाकपाक करणं भाग होतं. मी म्हटलं, "यांच्या भाषेवर जाऊ नका हो. जन्मभर शाळेची बाकं दुरुस्त केली, पण बाकावर कधी बसले नाहीत."

सगळे हसले. कुमुदिनी डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मैत्रीला कळलं नाही, तिनं जर्मनमध्ये आईला विचारलं, आईनं सांगितलं नाही. हे पण हसले. मग पिशवी छातीशी धरून सगळ्यांच्या मागून चालू लागले.

देवळात चपला काढायच्या होत्या. यांच्या मोज्याला अंगठ्याशी भोक. कुमुदिनीची नजर तिथे गेली आणि सभ्यपणानं छताकडे वळली. मी यांच्या कानात म्हटलं, "निदान पाय तरी मागे घ्या." यांनी अंगठा आत मुडपला आणि तसेच चालत राहिले.

पण आत गेल्यावर माणूस बदलला. समोर सोन्यानं मढवलेला गाभारा, मधोमध उभा बुद्ध. हे बुद्धाकडे गेलेच नाहीत, आधी खांबाकडे गेले. खांबावर आडवी तुळई जिथे बसते, तिथला सांधा हातानं चाचपला. दुसऱ्या खांबाशी गेले, तिथलाही चाचपला.

"खिळा नाई," माझ्याकडे वळून हळूच म्हणाले. "एवढ्या सांध्यात एक खिळा नाई, मीरा. लाकडानंच लाकूड धरलं." आणि पिशवीत हात घातला.

"आत्ता नको," मी म्हटलं. "इथे चालत नाही. नियम आहे."

"विचारून पाहाले काय जाते?"

जन्मभर ज्यानं कोणाला काही विचारलं नाही, त्याला आजच विचारायचं होतं. देवळातले भिक्खू, काळ्या झग्यातले, गोल चेहऱ्याचे, तेवढ्यात तिथे आले. यांनी गाठोडं दोन्ही हातांत धरलं आणि त्यांच्यासमोर कमरेत वाकले. मला हात आडवा घालायला जागा राहिली नाही. सुगत भिंतीसारखा पांढरा. त्याला वाटत होतं आत फ्रेम आहे. मला माहीत होतं आत उंदीर आहे. आता हा जपानी गाठ सोडणार, सगळ्यांसमोर ब्रेटशेन निघणार आणि म्हातारा त्याच्याकडे बघत उभा राहणार.

भिक्खूंनी गाठोडं दोन्ही हातांनी घेतलं, कपाळापर्यंत उचललं आणि यांच्याहून खाली वाकले. मग ते तसंच्या तसं, गाठ न सोडता, बुद्धासमोरच्या चौरंगावर नेऊन ठेवलं.

"उघडलं नाही त्यांनी?" दीपानं विचारलं.

"हे लोक भेट समोर उघडत नाहीत," नरेंद्र म्हणाला. "देणाऱ्याचा अपमान होतो म्हणे. नंतर, एकटे असताना उघडतात. काय दिलंत हो नामदेवराव?"

"आपलं काईतरी," हे म्हणाले.

मी श्वास सोडला. वाचले. सुगत वाचला, घर वाचलं. कधी नव्हे ती मी त्या जपान्याला मनातून दुवा दिली. आणि तो श्वास सोडता सोडता माझी नजर बुद्धाच्या तोंडावर गेली, गुडघे आपोआप जमिनीला टेकले, कपाळ टेकलं, आणि तोंडातून मोठ्यानं निघालं, "नमो तस्स भगवतो अरहतो सम्मासम्बुद्धस्स."

चाळीस वर्षांची सवय. विहारात सगळ्या बायांना सुरुवात मीच करून देते, माझा आवाज मोठा म्हणून. एकदा निघाल्यावर मध्ये थांबता येत नाही. तीनदा म्हणावं लागतं. दुसऱ्या वेळेला माझ्या बाजूला कोणीतरी टेकलं. मैत्री. जी पोरगी मला "पाणी हवं का" याचं उत्तरसुद्धा जर्मनमध्ये देते, तिनं माझ्या सुरात सूर मिसळून बुद्धं सरणं गच्छामिपासून पंचशीलाच्या शेवटापर्यंत, एक अक्षर न चुकता म्हटलं. बंद दाराआड सूनबाईनं शिकवलं असणार. मागे सूनबाईचा आवाज आला, बारीक, पण आला.

फक्त एक जण गप्प उभा होता. सुगतचे बाबा. त्यांना मुलानं सांगितलं होतं ना.

मी उठले. कुमुदिनी दोन्ही हात गालांना लावून उभी. "अय्या, किती सुंदर पाठ आहे हो! मैत्रीचं तर... म्हणजे तुम्ही..."

ते 'म्हणजे तुम्ही' मी शाळेच्या फाटकात, नळावर, सुगतच्या कॉलेजच्या हापिसात ऐकलेलं आहे. पुढचा शब्द कोणी उच्चारत नाही.

"हो," मी म्हटलं. "म्हणजे आम्ही."

"छे हो, मी सहज. आम्ही नाही असलं काही मानत."

"गेनाऊ," नरेंद्र म्हणाला.

परतताना गाडीत चकल्यांचा डबा उघडला नाही. सुगतच्या दाराशी उतरलो, तेव्हा कुमुदिनीनं माझा लाडवांचा डबा मांडीवरून उचलून माझ्या हातात दिला. भरलेला. "रागावू नका हं, यांना शुगर आहे." मग सुगतकडे वळून, "अरे, ते खालच्या वोनुंगचं राहिलंच. यांच्या भाच्यानं विचारलंय. अजून नक्की नाही, पण तू आपला दुसरीकडेही बघत राहा."

सुगत जर्मनमध्ये "या, या, क्लार" म्हणाला, म्हणजे हो, हो, अर्थातच. हसतच म्हणाला. मग जिन्यात माझ्या अंगावर आला. "काय गरज होती आई? बाबा गप्प बसले. तुला नाही बसवलं?"

"नाही बसवलं," मी म्हटलं. "तुझ्यासारखं शिकलेली नाही मी."

संध्याकाळी साडेसहाला जेवायला बसलो. दीपानं ब्रेड कापला, काकडी कापली. मैत्री कपाट उघडून फळ्या काढू लागली. एक, दोन, तीन, चार. मग सगळं कपाट उपसलं.

"मम्मा, वो इस्ट माइन ब्रेटशेन?" माझी फळी कुठे, असं ती आईला विचारत होती.

"इथेच होतं सकाळी. ओट्यावर. आई, तुम्ही पाहिलंत का?"

मी लोणच्याचं झाकण लावत होते. ते नीट बसत नव्हतं. दीपानं भांडी हलवली, मशीन उघडलं, कचऱ्याच्या डब्यातसुद्धा पाहिलं. मैत्रीचा ओठ बाहेर आला.

"नको शोधू, पोरी," सुगतचे बाबा म्हणाले. ते समोरच्या ब्रेडकडे बघत होते. "तुय्ही फळी मी बुद्धासमोर ठेवून आलो."

कोणाला काही कळलं नाही. मग सुगतला कळलं. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि लगेच नजर फिरवली. पापात अर्धा वाटा त्याचा होता.

"तुम्हाला माहीत होतं?" मी विचारलं.

"सकाळी पिशवी उचलली तवाच. आपल्या लाकडाले धुपावानी वास हाय. याले काकडीचा येत होता."

"मग दिलंत कशाला? घेऊन यायचं परत! नाहीतर सोडायची गाठ तिथेच आणि दाखवायचं सगळ्यांना, बायको कशी आहे ते!"

म्हाताऱ्यानं ब्रेडचा तुकडा मोडला. आवाज चढला नाही, तो कधी चढतच नाही. "बांधलं तू होतं. तिथं गाठ सोडली असती, त त्यातून फळी नसती निघाली मीरा. तू निघाली असती."

मग मैत्रीला मांडीवर ओढलं आणि काकडी डाव्या तळहातावर ठेवून सुरीनं तिचे पातळ काप करून एकेक तिच्या तोंडात घातले. आम्ही बाकीचे तिघं चार फळ्या समोर ठेवून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी ते सुगतबरोबर जाऊन लाकडाचा तुकडा घेऊन आले. दोन दिवस बाल्कनीत बसून पॉलिश कागदानं घासला. स्क्रूड्रायव्हर गॅसवर लाल करून त्यावर मैत्रीचं नाव डागलं, आपल्या अक्षरांत. उंदीर काही जमला नाही, हत्ती काढला. फ्रेमीचं नाव काढलं नाही. मी ती गुपचूप त्यांच्या पिशवीत परत ठेवली होती. त्यांनी ती काढून परत माझ्या साड्यांखाली ठेवली. तशीच ती नागपूरला आली.

स्टेशनवर वस्तीतली माणसं हार घेऊन आली होती. "नामदेवदादा, बाबासाहेबाले जपानी देवळात ठेवून आले म्हंते?" यांनी हार गळ्यातून काढून हातावर घेतला आणि म्हणाले, "मीराले विचारा. तिनं बांधून देल्लं होतं."

मला सांगावं लागलं. सोन्याचा गाभारा, काळ्या झग्यातले भिक्खू, त्यांनी गाठोडं कपाळाला कसं लावलं, बुद्धासमोर कसं ठेवलं. एकही शब्द खोटा नाही. त्यानंतर दोन वर्षं जो कोणी विचारायला आला, त्याला हे एवढंच म्हणायचे, "मीराले विचारा," आणि बाजूला बसून मन लावून ऐकायचे. जणू पहिल्यांदाच ऐकताहेत. मी काही कच्च्या दिलाची बाई नाही, पण तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर दारावर थाप पडली की मी आतल्या खोलीत काम काढायचे. हे हाक मारायचे. "मीरा, पाहुणे आले. जर्मनीचं सांग."

ते गेले तेव्हा विहारात शोकसभा झाली. तिथेही अध्यक्षांनी तेच सांगितलं आणि मला दोन शब्द बोलायला उभं केलं. मी बोलले.

फ्रेम अजून साड्यांखाली आहे. ट्रंक उघडली की वास येतो. बाहेर काढता येत नाही, कारण ती जर्मनीत आहे हे आख्ख्या वस्तीला माहीत आहे. जर्मनीहून आल्यावर यांनी पुढच्या खोलीत, बुद्धाच्या मूर्तीच्या उजव्या बाजूला, एक खिळा मारला होता. कशासाठी ते सांगितलं नाही, मी विचारलं नाही.

त्या खिळ्याला मी दळणाची पिशवी अडकवते. पाच किलो ज्वारी असते. खिळा हललेला नाही.